४६ च्या इंजिनची बेअरिंगं घरी बदलता येतात का? येतात, पण हातोडी लांब ठेव

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मामांनी दिलेलं मॉडेल विमानाचं ४६ चं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन चार वर्षं कपाटात पडून होतं, आता प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हाताने फिरवला की खरखर लागते, चालू केलं तर समोरून तेल उडतं आणि आयडलला दोन मिनिटंही टिकत नाही, तर बेअरिंग गेलीत का, घरी बदलता येतील का आणि आणायची कुठून. आणि जाता जाता विचारलंयस की २२१२ ची इलेक्ट्रिक मोटर किणकिण करते तिचं काय. काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

गेली आहेत. न बघता सांगतो, कारण तू सांगितलेली तिन्ही लक्षणं एकाच रोगाची आहेत. आणि घरी बदलता येतात, मी आजवर किती बदलली त्याचा हिशोब ठेवलेला नाही, त्यातली पहिली दोन-तीन इंजिनं वाया घालवली हे मात्र पक्कं आठवतंय. ती कशी वाया गेली तेच खरं सांगण्यासारखं आहे, कारण नवीन माणूस बेअरिंग काढताना जेवढा घाबरतो त्याच्या दहा टक्केसुद्धा बसवताना घाबरत नाही, आणि खेळ तिथेच बिघडतो.

आधी बेअरिंग का गेलं, ते समजून घे. ग्लो फ्युएल म्हणजे मिथेनॉल, त्यात एरंडेल किंवा सिंथेटिक तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, शिवाय जळताना पाणी तयार होतं आणि थोडं आम्लही. इंजिन गरम असेतोवर हे सगळं वाफ होऊन जातं. पण उडवून झाल्यावर आपण टाकी रिकामी न करता, इंजिन तसंच ओलं ठेवून घरी येतो, चहा पितो आणि विमान कपाटावर ठेवतो, तेव्हा ते पाणी मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांच्या खाली जाऊन बसतं. वरून पावसाळा. गोळी जिथे रेसला, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या कड्याला, टेकते त्या जागी गंजाचा ठिपका पडतो, ठिपक्याचा खड्डा होतो, आणि मग फिरवलं की खरखर. म्हणजे चार वर्षांत तुझं इंजिन एक तासही चाललं नाही आणि बेअरिंग मात्र संपलं. माझ्या हाताखालून गेलेल्या इंजिनांत उडून उडून बेअरिंग झिजलेली फार थोडी, पडून सडलेलीच जास्त.

पुढच्या बेअरिंगचं काम वेगळं आहे. मागचं मोठं बेअरिंग भार घेतं, पुढचं छोटं शाफ्टला सरळ धरतं आणि शिवाय क्रँककेस, म्हणजे इंजिनचं मुख्य कवच, समोरून बंद ठेवतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली आला की क्रँककेसमध्ये दाब होतो, वर गेला की ओढ. पुढच्या बेअरिंगचं सील गेलं किंवा शाफ्टला वर-खाली खेळ आला की दाबाच्या वेळी तेल बाहेर आणि ओढीच्या वेळी हवा आत. थोडंसं तेल पुढे येणं या इंजिनांत चालतं, ठिबकणं-उडणं चालत नाही. जास्तीची हवा आत आली की आयडल लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि फ्युएल कमी, मग तू फ्युएलची नीडल पिळतोस, कार्ब्युरेटरला शिव्या देतोस, प्लग बदलतोस. माझ्या ओळखीचा एक जण तीन कार्ब्युरेटर बदलून बसला होता!

एक घोटाळा मात्र टाळ. तुझं इंजिन एबीसी किंवा एबीएन जातीचं असेल, म्हणजे पितळेच्या लायनरला क्रोम किंवा निकेलचा मुलामा आणि आत रिंग नसलेला अॅल्युमिनियमचा पिस्टन, तर थंड असताना पिस्टन सगळ्यात वर आला की तो घट्ट अडकणारच, किचकन आवाजही येईल. लायनर वरच्या बाजूला मुद्दाम किंचित निमुळता केलेला असतो, गरम झाल्यावर तो मोकळा होतो. याला बेअरिंगचा दोष समजून लोक इंजिन खोलून बसतात. म्हणून तपासायचं असं: ग्लो प्लग काढ, पिस्टन खालच्या बाजूला आण आणि तिथल्या तिथे प्रॉप थोडा डावी-उजवीकडे हलव. तिथे वाळू चिरडल्यासारखं वाटलं तर बेअरिंग. मग प्रॉप काढून शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलव. मागे-पुढे किंचित सरकणं नॉर्मल आहे, वर-खाली हललेलं हाताला कळायला नको. शेवटी बॅकप्लेट, म्हणजे मागचं झाकण, काढून आत बघ, मागच्या बेअरिंगवर तपकिरी चिकट लेप दिसला की विषय संपला. नुसता गोंदासारखा पिवळट थर असेल तर तो जळलेल्या एरंडेलाचा असू शकतो, तो धुऊन निघतो आणि बेअरिंग कधीकधी वाचतंही.

आता खोलायचं. बाहेरून आधी स्वच्छ धू, नाहीतर धावपट्टीची माती आत जाईल. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढ, लाज वाटू देऊ नकोस, मी अजून काढतो. प्रॉप नट, वॉशर, त्यामागची ड्राइव्ह हब. ही हब शाफ्टवर टेपरने किंवा चावीने घट्ट बसलेली असते, तिच्यामागे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस, क्रँककेसच्या नाकाला खोक पडते. छोटा दोन पायांचा पुलर मिळतो तो आण. कार्ब्युरेटर काढून ठेव, त्याची ओ-रिंग हरवू नकोस. हेडचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल कर, अॅलन की चांगली हवी, पाच रुपयांच्या सेटमधली वापरलीस तर स्क्रूचं डोकं गोल होईल आणि मग नवीनच प्रश्न विचारायला येशील. हेडखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात, किती होत्या ते मोज. लायनर वर ओढून निघतो, एरंडेलाने चिकटला असेल तर हीट गनने केस गरम कर. लायनरची एक खाच केसमधल्या पिनवर बसते, तिची दिशा लक्षात ठेव. मग मागून बॅकप्लेट, पिस्टन योग्य उंचीवर आणून कनेक्टिंग रॉड क्रँकपिनवरून मागे सरकवून काढ. रॉडला पुढची-मागची बाजू असते, मार्करने खूण कर.

शाफ्ट आता मागून निघायला हवा. अडकला तर प्रॉप नट शाफ्टच्या टोकाशी सपाट होईल असा चढव आणि त्यावर लाकडाने हलकेच ठोक. उघड्या आट्यांवर कधीही नाही.

इथपर्यंत येऊन मी माझं पहिलं इंजिन मारलं होतं. मागचं बेअरिंग केसमध्ये घट्ट बसलेलं, मी एक जुना सॉकेट घेतला आणि ठोकलं. निघालं. नवीन बेअरिंग त्याच सॉकेटने आतल्या रेसवर ठोकत ठोकत बसवलं. मस्त बसलं, फिरत होतं, आणि पहिल्याच उड्डाणापासून एक बारीक घुऽऽ असा आवाज. आठ-दहा फ्लाइटनंतर परत खरखर. झालं काय होतं, की मी ठोकलं आतल्या रेसवर, घट्टपणा होता बाहेरच्या रेसचा, म्हणजे हातोडीचा प्रत्येक घाव गोळ्यांमधून गेला आणि प्रत्येक गोळीने रेसवर आपला एक ठसा उमटवला. डोळ्याला दिसत नाही, भिंग घेऊन बघितलं तर समान अंतरावर चमकणारे ठिपके दिसतात. नवं कोरं बेअरिंग मी स्वतःच्या हाताने टेबलावरच मारलं होतं. म्हणून नियम एकच पाठ कर: केसमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रेसवर, शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रेसवर, गोळ्यांमधून जोर कधीच जाऊ द्यायचा नाही.

पण खरं तर जोर लावायचीच गरज नाही, उष्णतेने काम होतं. क्रँककेस अॅल्युमिनियमची, बेअरिंग स्टीलचं. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, दर डिग्रीला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन, स्टील ११-१२. तुझ्या इंजिनच्या मागच्या बेअरिंगची बाहेरची मापं समज २८ मिलिमीटर आहेत, आणि केस ३० डिग्रीवरून १५० ला नेली, तर भोक सुमारे ७७ मायक्रॉनने मोठं होतं. बेअरिंगही आत तेवढंच तापलं असं धरलं तरी दोघांत साधारण ३७ मायक्रॉनचा फरक पडतो, आणि मुळात घट्टपणा असतो तो शे-दोनशे मायक्रॉनचा नव्हे, दहा-वीसचा. म्हणजे बेअरिंग आपोआप सैल होतं.

कसं करायचं ते सांगतो. सगळे ओ-रिंग, गॅस्केट, प्लास्टिक काढलेली रिकामी केस ओव्हनमध्ये १५० ते १७० ला वीस मिनिटं ठेव. लाकडाचा एक सपाट ठोकळा तयार ठेव, जाड चामड्याचे हातमोजे घाल, ओव्हनमधून काढलीस की दहा सेकंदांच्या आत केसची मागची उघडी बाजू खाली करून ठोकळ्यावर सपाट आपट. जोरात नाही, पत्ते पिसून टेबलावर ठोकतो ना, तसं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी ‘टक’ असा वेगळाच आवाज येतो, उचललंस की बेअरिंग लाकडावर पडलेलं असतं, धुरकट, त्याच्याभोवती एरंडेलाचा करपट वास. हा आवाज पहिल्यांदा ऐकलास की पुन्हा हातोडीला हात लावणार नाहीस. नाही पडलं तर ओढाताण करू नकोस, परत दहा मिनिटं ओव्हनमध्ये.

पुढचं बेअरिंग आपटून पडत नाही, त्याच्यामागे केसचा खांदा असतो. केस गरम असतानाच मागून एक लाकडी दांडका, कुंचल्याचा दांडा चालतो, आत घालून पुढच्या बाजूला ढकलायचं. जुनं बेअरिंग आहे, मेलं तरी चालेल, इथे आतल्या रेसवर ढकललंस तरी हरकत नाही.

ओव्हनबद्दल. घरचा वापरू नकोस. मी वापरला होता, केस तीनदा धुतली होती, तरी आठवडाभर नानकटाईला एरंडेलाचा वास येत होता आणि त्या नानकटाईचा विषय आमच्या घरात अजूनही दिवाळीत निघतो. जुना ओटीजी कुणाकडे तरी पडलेला असतो, तो घे. नसेल तर जाड तव्यावर केस ठेवून मंद आचेवर, किंवा हीट गन. सरळ गॅसच्या ज्योतीवर मात्र धरू नकोस, एकाच जागी तापून केस वाकडी होते. आणि ती इन्फ्रारेडची बंदूक असते ना तापमान बघायची, ती चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटं बोलते, खूप कमी दाखवते. काळ्या मार्करचा ठिपका काढून त्यावर धर. आतमध्ये मिथेनॉल अजिबात राहिलेलं नसू दे, त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही.

आता नवीन बेअरिंग कुठलं. ४६ म्हणजे ०.४६ घन इंच, साडेसात सीसी. या साइजच्या बऱ्याच इंजिनांत, ओएस कंपनीच्या ४६ एएक्समध्येसुद्धा, मागचं १५×२८×७ आणि पुढचं ७×१९×६ असतं. म्हणजे दुकानाच्या भाषेत मागचं ६९०२ आणि पुढचं ६०७. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, जुनं काढ, व्हर्निअरने आतलं, बाहेरचं आणि जाडी अशी तीन मापं घे आणि मगच दुकानात जा. आणि तुझं इंजिन ओएसच्या एलए सिरीजचं असेल तर थांब, त्यात बॉल बेअरिंग नाहीच, नुसतं बुश, म्हणजे धातूची साधी नळी, आहे, तिथे हा सगळा उपद्व्याप लागू नाही. कार-बग्गीचं २१ साइजचं इंजिन असतं त्याच्या मागच्या बेअरिंगचं माप बहुतेकदा १४×२५.४×६ असं विचित्र निघतं, बाहेरून बरोबर एक इंच. हे गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, दुकानदार २५ किंवा २६ चं दाखवून ‘बसेल’ म्हणेल, बसणार नाही, ते मॉडेलवाल्यांकडूनच मागवावं लागतं.

नंबर वाचायची युक्ती सोपी आहे. चार आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे आतलं भोक सांगतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. तीन आकडी असेल तर शेवटचा आकडा म्हणजेच मिलिमीटर, ६०७ चं सात, ६०८ चं आठ. एमआर असेल तर उलटं वाचायचं, एमआर१०५ म्हणजे बाहेरून १०, आतून ५.

आकड्यांच्या पुढची अक्षरं जास्त महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. मागचं बेअरिंग आपल्याला पूर्ण उघडं हवं, कारण त्याला वंगण फ्युएलमधल्या तेलाचंच मिळतं, सील ठेवलंस तर तेल आत जाणार नाही आणि आतलं ग्रीस मिथेनॉलने धुऊन जाईल. पुढच्याला फक्त बाहेरच्या, म्हणजे प्रॉपकडच्या बाजूला सील हवं. दुकानात उघडं मिळालं नाही तर २आरएस घे आणि रबर टाचणीने आतल्या कडेपासून उचलून काढून टाक, मागच्याची दोन्ही, पुढच्याचं फक्त आतलं. मग रॉकेल किंवा पेट्रोलने ग्रीस धुऊन टाक. आणि सी३ लिहिलेलं मिळालं तर तेच घे. सी३ म्हणजे गोळ्यांना आत थोडी जास्त मोकळीक. केसच्या घट्टपणाने बाहेरची रेस दबते, शाफ्ट तापून आतली फुगते, दोन्हीकडून गोळ्यांची जागा कमी होते, ती आधीच जास्त असलेली बरी.

गोळ्यांना अंतरावर धरणारं केज कशाचं आहे तेही बघ. साधं बेअरिंग म्हणजे पत्र्याचं, दोन भाग रिव्हेट केलेलं केज. त्याने काम चालतं, वाईट नाही. पण नायलॉनचं मिळालं तर जास्त आरपीएमला चांगलं आणि गंजायचा प्रश्न नाही. सिरॅमिकच्या गोळ्यांचं बेअरिंग घ्यावं का, हा पुढचा प्रश्न तू विचारणारच आहेस. गोळ्या गंजत नाहीत हे खरं, पण रेस स्टीलच्याच असतील तर त्या गंजतात, मग तेवढे पैसे घालून केलं काय? रविवारी सकाळी दोन टाक्या उडवणाऱ्याला चांगल्या कंपनीचं साधं स्टीलचं पुरतं.

चांगल्या कंपनीचं हा शब्द मात्र जपून. बाजारात डुप्लिकेट बेअरिंगचा सुळसुळाट आहे. मी एकदा एका दुकानातून नामांकित डब्यातलं ६९०२ अर्ध्या किमतीत आणलं आणि स्वतःला हुशार समजलो. चौथ्या फ्लाइटला हवेत आवाज बदलला, इंजिन अडकलं, विमान कसंबसं खाली आणलं. खोलून बघतो तर केजचे तुकडे झालेले, एक तुकडा वर जाऊन पिस्टन आणि लायनर दोन्ही खरवडलेले. बेअरिंगमध्ये वाचवलेले पैसे पिस्टन-लायनरच्या सेटमध्ये दसपटीने गेले. तेव्हापासून डबा बघत नाही, बेअरिंगच्या कडेवरचं कोरीव काम बघतो, अक्षरं पुसट, वाकडी किंवा शाईने छापल्यासारखी असली की परत देतो. मुंबईत असशील तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांची रांगच आहे, पुण्यात एसकेएफचा कारखाना चिंचवडलाच आहे, आसपास अधिकृत विक्रेते सापडतात. पक्कं बिल मागायचं, बिल मागितलं की अर्धे डुप्लिकेटवाले तिथेच गळतात.

बसवणं म्हणजे काढण्याचीच उलटी गंमत. केस परत ओव्हनमध्ये, बेअरिंग फ्रीजरमध्ये. फ्रीजरने बेअरिंग पंधरा-सोळा मायक्रॉनच आकसतं, खरं काम केसच्या उष्णतेचं, पण तेवढीही मदत सोडू नये. फ्रीजरमध्ये टाकण्याआधी त्याला हलकं तेल लावून छोट्या झिपलॉकच्या पिशवीत घाल. हे लोक करत नाहीत, आणि मग पावसाळ्यात बाहेर काढलं की त्यावर दव धरतं आणि नवीन बेअरिंगला गंजाची सुरुवात पहिल्याच दिवशी. केस बाहेर काढ, बेअरिंग चिमट्याने सरळ धरून सोड. सरळ गेलं तर तळाशी जाऊन टक्कन बसतं. तिरकं अडकलं तर तुझ्याकडे चार-पाच सेकंद आहेत, त्यात सरळ झालं तर ठीक, नाहीतर ठोकू नकोस, परत तापव, बाहेर पडेल, परत कर. मागचं बसलं की शाफ्ट तेल लावून मागून आत घाल आणि शाफ्टच्याच आधाराने पुढचं बेअरिंग त्याच्या जागेवर सरकव, म्हणजे दोन्ही एका रेषेत येतात. हे सगळं केस गरम असतानाच व्हायला हवं म्हणून आधी थंड केसवर एकदा कोरडी तालीम करून घे, कुठला हात कुठे, काय कशानंतर.

थंड झाल्यावर नुसता शाफ्ट फिरव, पिस्टन न लावता. लोण्यासारखा फिरला पाहिजे. अडखळला तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा एखादं बेअरिंग तळाला पूर्ण टेकलेलं नसतं. परत गरम कर, ठोकळ्यावर हलकेच टेकव, थंड होऊ दे. माझ्या हातून दहातल्या दोन-तीन वेळा हे होतंच.

उलटी भानगडही असते, की बेअरिंग केसमध्ये हाताने सरळ जातं, काहीच घट्टपणा नाही. म्हणजे आधीचं अडकलेलं बेअरिंग केसमध्ये गरगर फिरून भोक मोठं करून बसलंय. किंचितच सैल असेल तर लॉकटाइट ६४१ बाहेरच्या रेसला अगदी पातळ लाव, ते बेअरिंग धरण्यासाठीच बनवलंय आणि पुढे काढताही येतं. एक थेंब जरी गोळ्यांत गेला तर संपलं. हलताना जाणवतंय इतकं सैल असेल तर केस बदल, पंच मारून कडा फुगवायचे देशी उपाय मी करून बघितलेत, टिकत नाहीत.

सगळं जोडलंस की नवं इंजिन असल्यासारखं ब्रेक-इन करत बसायची गरज नाही, पिस्टन-लायनर जुनेच आहेत. एक टाकी रिच, म्हणजे फ्युएल जास्त, ठेवून जमिनीवर चालव, मग नीडल नव्याने लाव. जुनी सेटिंग गळक्या बेअरिंगशी जुळवलेली होती, ती आता चालणार नाही, आयडलचा स्क्रू तर नक्की बदलावा लागेल.

आणि मग दर वेळी, दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की फ्युएलची नळी चिमटीत धरून इंजिन कोरडं होऊन बंद पडू दे, ग्लो लावून स्टार्टरने परत एक-दोनदा उसकव म्हणजे उरलंसुरलं जळेल. मग कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात चार-चार थेंब तेल, आणि इंजिन उलटंसुलटं करत फिरवायचं. तेल म्हणजे गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ते लाल एटीएफ, मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय, शिलाई मशीनचंही चालतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण महिनोन् महिने टिकायला नाही. फ्युएलमध्ये निदान थोडं एरंडेल असू दे, काजळी धरतं, चिकट होतं सगळं मान्य, पण गंजापासून ते जितकं वाचवतं तितकं निव्वळ सिंथेटिक वाचवत नाही. मी एनसीसीच्या एअर विंगला कंट्रोल लाइन, म्हणजे तारांना बांधलेलं विमान, उडवायचो तेव्हा आम्हाला इंजिन पुसून, तेल घालून, फडक्यात गुंडाळल्याशिवाय जेवायला सोडत नसत, तेव्हा वैताग यायचा.

आता तुझी २२१२. तिथे गंजापेक्षा धूळ आणि वाकडा प्रॉप हे गुन्हेगार. प्रॉप काढून बेल, म्हणजे मोटरचं बाहेरचं फिरणारं भांडं, हाताने हलव, किणकिण बेअरिंगची असेल तर बाजूला खेळ जाणवेल. आधी एवढं बघ की बेलच्या आत लोखंडाचा कीस तर चिकटलेला नाही, मी तीन मोटरी बेअरिंग समजून खोलल्या आणि आत धावपट्टीवरची बारीक खडी आणि लोखंडी कण निघाले. खरंच बेअरिंग असेल तर शाफ्टच्या मागच्या टोकाची ई-क्लिप काढ, ती उडते, म्हणून सगळं पारदर्शक पिशवीत धरून कर. तिच्याखाली आणि बेलच्या आत बारीक वॉशर असतात, त्यांचा क्रम फोटोत ठेव, एक वॉशर विसरलास तर बेल स्टेटरला, म्हणजे आतल्या तारा गुंडाळलेल्या स्थिर भागाला, घासेल.

बेल काढताना इंजिनची सवय विसर, इथे हीट गन नको. साध्या निओडिमियम मॅग्नेटची ताकद ८० डिग्रीच्या पुढे कायमची कमी व्हायला लागते, चिकटवलेलं इपॉक्सीही मऊ पडतं. काही मोटरींना क्लिपऐवजी ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, असतो आणि तो लॉकटाइटने जाम झालेला असतो, तिथे सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त त्या स्क्रूवर मिनिटभर धर, तेवढी उष्णता पुरते, मॅग्नेटपर्यंत जात नाही.

स्टेटरच्या नळीत दोन बेअरिंग असतात, पलीकडच्या बाजूने बारीक सळई तिरकी घालून एकेक ढकलून काढायचं. माप घेताना डोळे उघडे ठेव, ३.१७ चा शाफ्ट हा एक अष्टमांश इंच आहे, ३ मिलिमीटरचं बेअरिंग त्यावर चढणार नाही आणि ४ चं डुगडुगेल, इंच मापाचंच शोधावं लागतं. इथे पुढचं-मागचं दोन्ही झाकणवालीच घ्यायची, इथे वंगण बाहेरून येत नाही. बसवायला एक लांब बोल्ट, नट आणि काढलेलं जुनं बेअरिंग घे, जुन्याची बाहेरची कड पॉलिश पेपरने थोडी घासून बारीक कर म्हणजे ते नळीत अडकणार नाही, त्याने नवीन बेअरिंग नट फिरवत हळूहळू आत ओढून घे. आतली आणि बाहेरची रेस एकसारखी ढकलली जाते, गोळ्यांवर काहीच येत नाही. बेल परत घालताना बोटं आत ठेवू नकोस, मॅग्नेट खेचून घेतं आणि चांगला चिमटा बसतो.

आधी इंजिन खोल. बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचता आला तर तो पाठव, गंजाने पुसला असेल तर तिन्ही मापं आणि मागून काढलेला एक फोटो पाठव, तोवर बेअरिंग विकत घेऊ नकोस.